दोन धावांचे इंजिन आणि धुराचा हिशेब



या व्याख्यानमालेत काल संतवाङ्मयावर व्याख्यान झाले, उद्या राज्यघटनेवर व्हावयाचे आहे. मधला दिवस इंजिनाच्या वाट्याला आला आहे, आणि बोलावयास आम्हांला बोलावले आहे. आम्ही संयोजकांना विचारले की, शहरात इतके इंजिनियर असताना आमच्यासारख्या न शिकलेल्या माणसाला कशाला उभे करता? ते म्हणाले, ज्याच्या अंगाला त्या इंजिनाचे तेल लागलेले आहे असा माणूस हवा. ती पात्रता मात्र आमच्याजवळ आहे. पंधराव्या वर्षी आमची शाळा सुटली आणि कॉटन मार्केटच्या बाजूला एका गॅरेजात आम्ही पाने पुसू लागलो. पुढे काही वर्षे ऑटो चालवला. त्यानंतरचे आयुष्य ऑटोवाल्यांच्या संघटनेत गेले. आम्ही ‘मी’ म्हणत नाही, ‘आम्ही’ म्हणतो, ही संघटनेतली सवय आहे. शिवाय आज जे सांगणार आहोत ते एकट्याला सुचलेले नाही. ते मिस्त्री लोकांनी, ऑटोवाल्यांनी आणि सीताबर्डीच्या रद्दीच्या दुकानात किलोने मिळालेल्या पुस्तकांनी मिळून शिकवलेले आहे.

विषय टू-स्ट्रोक इंजिनाचा. म्हैसूरला १९६१ पासून बनू लागलेली जावा आणि तिचीच पुढे झालेली येझदी, राजदूत, १९७२ साली आलेली लूना, त्याच साली आलेला बजाजचा चेतक, १९८५ सालची यामाहा आरएक्स हंड्रेड आणि आमचा काळा-पिवळा ऑटो, ही सारी मंडळी याच एका घराण्यातली. ज्या बजाज घराण्याचे नाव आपल्या शेजारच्या वर्ध्याशी जोडलेले, त्यांनी इटलीच्या पिआजिओ कंपनीशी करार करून १९६० च्या सुमारास व्हेस्पा स्कूटर आपल्या देशात बनवावयास घेतली. पुढे तिच्यासाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहत. मुलीच्या लग्नाच्या बोलणीत स्कूटरच्या नंबराची पावती निघत असे. दोन पिढ्या या इंजिनावर बसून कामावर गेल्या, दवाखान्यात गेल्या, लग्नाला गेल्या. आज ते रस्त्यावरून जवळजवळ नाहीसे झाले आहे. ते कसे चालत होते आणि का गेले, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे, एवढेच आम्हांला आज दाखवावयाचे आहे.

आधी त्याच्या थोरल्या भावाकडे पाहू. चार धावांचे, म्हणजे फोर-स्ट्रोक इंजिन जर्मनीत निकोलाउस ऑटो यांनी १८७६ साली चालवून दाखवले. सिलिंडर म्हणजे एक नळकांडे. त्यात खालीवर होणारा दट्ट्या म्हणजे पिस्टन. पिस्टनचे वरून खाली किंवा खालून वर जाणे म्हणजे एक धाव. पहिल्या धावेत पिस्टन खाली येतो आणि पेट्रोल-हवेचे मिश्रण आत ओढतो. दुसरीत वर जातो आणि ते दाबतो. मग ठिणगी पडते, मिश्रण जळते, आणि तिसऱ्या धावेत पिस्टन जोराने खाली ढकलला जातो. चौथीत तो वर येऊन जळलेला वायू बाहेर हाकलतो. चार धावांत कामाची धाव एक. बाकीच्या तीन धावांत इंजिन श्वास घेते, दाबते आणि श्वास सोडते. हा श्वास नीट चालावा म्हणून वर दोन झडपा लागतात. त्या वेळेवर उघडण्यासाठी कॅमशाफ्ट लागतो, त्याला फिरवावयास साखळी लागते, झडपा मिटवावयास स्प्रिंगा लागतात. एवढा संसार डोक्यावर घेऊन ते चालते.

आता कुणाच्याही मनात येईल की तीन धावा रिकाम्या घालवण्याऐवजी दर फेऱ्याला एक ठोका मिळाला तर? स्कॉटलंडचे ड्युगल्ड क्लार्क यांनी १८७८ च्या सुमारास असे इंजिन केले. पण ताजे मिश्रण ढकलून देण्यासाठी त्यांना शेजारी दुसरा सिलिंडर, पंप म्हणून, ठेवावा लागला. म्हणजे झडपांचा खर्च वाचवला आणि पंपाचा केला. पुढे इंग्लंडातील बाथ गावच्या जोसेफ डे यांनी १८९१ च्या सुमारास खरी युक्ती काढली. पिस्टन वर जातो तेव्हा त्याच्या डोक्यावर दाब पडतो, हे सगळे पाहत होते. पण त्याच वेळी त्याच्या पायाखाली पोकळी होते, इकडे कुणी काम लावले नव्हते. डे यांनी पिस्टनच्या खालची बंद पेटी, जिला क्रँककेस म्हणतात आणि आमचे मिस्त्री चेंबर म्हणतात, तिलाच पंप केले. लोहाराचा भाता आपण पाहिला असेल. टू-स्ट्रोक इंजिन म्हणजे वर भट्टी आणि खाली भाता, आणि दोघांच्या मध्ये एकच पिस्टन.

डे यांच्या इंजिनात भात्याच्या तोंडाशी एक झडप तरीही होती. ती कुणी काढली? त्यांच्याच कारखान्यातले एक कामगार, फ्रेडरिक कॉक, यांनी. त्यांनी म्हटले की पिस्टन वर जाताना त्याची खालची कड सिलिंडरवरून सरकतेच आहे, तर तिथे एक भोक पाडा. कड वर गेली की भोक उघडेल, खाली आली की मिटेल, झडप हवी कशाला? कामगाराचे नाव पुस्तकात एका ओळीपुरते येते, म्हणून ते येथे मुद्दाम घेतले. जगभर गरिबांच्या गाड्यांत जे इंजिन बसले, त्याची साधेपणाची शेवटची पायरी एका कामगाराच्या डोक्यातून निघाली आहे.

या टेबलावर जावा गाडीचा एक सिलिंडर ठेवला आहे. भंगारातून आणला आहे, नंतर हातात घेऊन पाहावा. आतला व्यास ६५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर, म्हणजे साधारण अडीचशे घनसेंटिमीटरचे इंजिन. आत बोट फिरवले तर भिंतीत खिडक्या लागतील. मागची खिडकी कार्बोरेटरकडची, तिच्यातून मिश्रण भात्यात येते. बाजूच्या खिडक्या भात्यातून वर येणाऱ्या वाटांच्या, त्यांना ट्रान्सफर म्हणतात. पुढच्या दोन खिडक्या धुराच्या. जावाला दोन बाजूंना दोन सायलेन्सर असत, आणि त्यामुळे ती दोन सिलिंडरांची गाडी आहे असे पुष्कळांना वाटे. आम्हांलाही वाटे. सिलिंडर उघडल्यावर कळले की चूल एकच आहे, धुराडी दोन आहेत.

आता फेरा पाहा. पिस्टन वर चालला आहे. डोक्यावर आधीचे मिश्रण दाबले जात आहे, आणि पायाखाली पोकळी झाल्यामुळे मागच्या खिडकीतून नवे मिश्रण भात्यात शिरत आहे. वर पोचता पोचता ठिणगी पडते. पिस्टन खाली फेकला जातो. खाली येताना तो मागची खिडकी मिटवतो आणि भात्यातले मिश्रण दाबू लागतो. थोडे आणखी खाली आला की पुढची धुराची खिडकी उघडते आणि जळलेला वायू आवाज करीत बाहेर पडतो. आणखी थोडे खाली, आणि बाजूच्या खिडक्या उघडतात. भात्यात दाबलेले ताजे मिश्रण वर उसळते आणि उरलासुरला धूर पुढे ढकलते. पिस्टन परत वर निघतो, खिडक्या मिटतात. झाला फेरा. दोन धावांत सगळे काम उरकले. मिनिटाला तीन हजार फेरे असतील तर सेकंदाला पन्नास ठोके, तेथे फोर-स्ट्रोकला पंचवीस. पुढे काही गाड्यांत भात्याच्या तोंडाशी फिरती चकती आली. आरएक्स हंड्रेडसारख्यांत पातळ पात्यांची झडप आली, ती भाता ओढतो तेव्हा उघडते आणि दाबतो तेव्हा आपोआप मिटते. पण मूळ गोष्ट हीच.

हलणारे मुख्य भाग मोजा. पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँकशाफ्ट. तीन. बाकी सगळे गाळले. म्हणून ते हलके, म्हणून ते स्वस्त, म्हणून निंबाच्या झाडाखाली पोते अंथरून बसलेला मिस्त्री दोन-चार पान्यांनी तासाभरात ते उघडून परत बसवू शके. ऑटोवाल्याचा दिवस बुडत नसे. ज्याला रोज संध्याकाळी पैसे घरी न्यावयाचे असतात, त्याला गाडी दुपारपर्यंत दुरुस्त होणे म्हणजे काय, हे मोटारीत बसणाऱ्याला सांगून कळावयाचे नाही. या इंजिनाचे हे उपकार आम्ही विसरलेलो नाही.

परंतु मंडळी, जगात काही गाळले की ते कुठेतरी भरावे लागतेच.

पहिली गोष्ट तेलाची. फोर-स्ट्रोक इंजिनाच्या पोटात तेल साठवून ठेवलेले असते, ते फिरत राहते, परत पोटात येते. येथे पोट आपण भात्याला देऊन टाकले. त्यातून सारखी पेट्रोलची वाफ जा-ये करते, तेथे तेल ठेवणार कसे? म्हणून तेल पेट्रोलातच मिसळावे लागते. ते बेअरिंगला, रॉडला, पिस्टनला वंगण करीत करीत वर जाते आणि मिश्रणाबरोबर काही जळते, काही अर्धवट जळते. निळा धूर तो हाच. म्हणजे धूर हा इंजिनाचा रोग नव्हता, तो त्याच्या जन्मकुंडलीतच होता.

यातून आणखी एक घोटाळा होई. एकदा आम्ही एका मिस्त्रीबरोबर त्याच्या जावावर चिखलदऱ्याचा घाट उतरत होतो. उतार आहे, पेट्रोल वाचेल, म्हणून आम्ही रेस पूर्ण बंद करून गाडी गिअरमध्येच सोडली. मिस्त्री मागून ओरडला, “बावा, मारतोस काय गाडी? रेस बंद म्हणजे तेल बंद!” चाक इंजिनाला फिरवते आहे, आणि तेल मात्र जात नाही. पिस्टन कोरडा घासून जाम व्हावयास वेळ लागत नाही. क्लच दाबून मधून मधून थोडी रेस द्यावी, एवढी साधी गोष्ट. पण कारण कळले नाही तर ती अंधश्रद्धेसारखी पाठ करावी लागते, आणि पाठ केलेले माणूस उतारावर विसरतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. पिस्टन अगदी खाली असताना बाजूच्या खिडक्या आणि पुढची धुराची खिडकी, दोन्ही एकाच वेळी उघड्या असतात. पाहुणा मागच्या दाराने आत आला, आणि पुढचे दार सताड उघडे आहे. आलेल्या ताज्या मिश्रणापैकी काही सरळ बाहेर निघून जाते, न जळता. पूर्वी पिस्टनच्या डोक्यावर एक उंचवटा ठेवीत, म्हणजे मिश्रण त्याला आपटून वर वळावे. जर्मनीतील श्न्यूर्ले यांनी १९२० नंतरच्या दशकात बाजूच्या वाटा अशा तिरक्या केल्या की मिश्रण मागच्या भिंतीकडे जाऊन, वर चढून, मग पुढे वळसा घेते. जावाच्या सिलिंडरातल्या वाटा तिरक्या दिसतील त्या यासाठीच. पुढे १९५० नंतर पूर्व जर्मनीत वाल्टर काडेन यांनी सायलेन्सरच्या फुगीर आकाराचा अभ्यास केला. धुराचा धक्का त्या फुगवट्याच्या टोकाला आपटून परत येतो आणि बाहेर निघालेल्या मिश्रणाला पुन्हा आत ढकलतो. म्हणून टू-स्ट्रोकचा सायलेन्सर हा आवाजाचा डबा नाही, तो इंजिनाचाच भाग आहे. आवाजासाठी तो कापून पोकळ करणारी पोरे आपल्याच गाडीचा दम काढून घेत, आणि गाडी जोरात धावते आहे असे समजत. पण इतके करूनही, कार्बोरेटरच्या साध्या टू-स्ट्रोक इंजिनातून शेकडा १५ ते ४० भाग पेट्रोल न जळता बाहेर जाते, असे जाणकार सांगतात. जितकी गाडी जुनी आणि रेस कमी-जास्त, तितका तोटा मोठा.

स्टँडवर उभ्या ऑटोचा आवाज आपल्या कानात असेल. फट्, मग थोडे थांबून फट्-फट्, मग पुन्हा थांबून फट्. रेस कमी असताना ताजे मिश्रण थोडेच येते, जुना धूर पूर्ण निघत नाही, आणि त्या धुरात ठिणगी पडूनही भडका होत नाही. एक-दोन फेरे फुकट जातात, मग पुरेसे मिश्रण जमले की ठोका पडतो. ज्याला आपण फटफटीचे गाणे समजत होतो, ते तिचे अडखळणे होते. फुकट गेलेल्या प्रत्येक फेऱ्यातले पेट्रोल स्टँडवरच्या हवेत जात होते.

येथे तरुण मित्र विचारतील की, दोन सिलिंडरांच्या टू-स्ट्रोक गाड्यांचे काय? व्ही-ट्विनचे काय? विचारावयाला हवेच, कारण त्यातून आपला मुद्दा अधिक स्पष्ट होतो. एका सिलिंडराचे इंजिन हादरते, कारण पिस्टन दर फेऱ्यात दोनदा थांबून उलटा फिरतो. क्रँकला वजन लावून हा वरखाली धक्का मारता येतो, पण मग तेच वजन आडवा धक्का देते. दुसरा सिलिंडर पहिल्याशी काटकोनात, इंग्रजी व्ही अक्षरासारखा, बसवला तर तो आडवा धक्का त्याच्या पिस्टनाशी फिटतो. इंजिन शांत चालते, आणि शेजारी-शेजारी दोन सिलिंडरांपेक्षा अरुंद होते. फोर-स्ट्रोकमध्ये हे सोपे आहे, दोन्ही रॉड एकाच खुंटीवर, एकाच पेटीत बसतात. पण टू-स्ट्रोकची पेटी म्हणजे भाता. दोन पिस्टन वेगवेगळ्या वेळी खाली येणार आणि भाता एकच, तर एक दाबील तेव्हा दुसरा ओढील, आणि कुणालाच पुरेसा वारा मिळणार नाही. म्हणून प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र बंद पेटी, मध्ये सील, दोन कार्बोरेटर, दोन फुगीर सायलेन्सर. मागचा सिलिंडर पुढच्याच्या आडोशाला, त्याला वारा कमी, म्हणून पाण्याने थंड करण्याची सोय. होंडाची एनएसआर २५०, सुझुकीची आरजीव्ही २५० आणि सुझुकीचेच इंजिन पोटात घेतलेली इटलीची अप्रिलिया आरएस २५० या अशा गाड्या होत्या. शर्यतीच्या गाड्यांच्या त्या बहिणी. आपल्या रस्त्यांवर त्या जवळजवळ दिसल्याच नाहीत. आपल्याकडे दोन सिलिंडरांची आली ती १९८३ साली, एस्कॉर्ट्सने यामाहाच्या नमुन्यावर बनवलेली राजदूत ३५०. तिचे सिलिंडर व्हीसारखे नव्हते, शेजारी-शेजारी होते, पण पेट्या दोन आणि मध्ये सील, हे तिलाही चुकले नाही. गाडी वाऱ्यासारखी पळे, आणि पेट्रोल पाण्यासारखे पिई. आपल्या देशात ती फार वर्षे टिकली नाही. अर्थ काय? टू-स्ट्रोकचे मोठेपण त्याने जे गाळले त्यात होते. जोडत गेलात की ते जोरदार होते, पण गरिबाचे राहत नाही.

आता हिशेबाकडे येतो, आणि येथे आम्हांला आमची चूक सांगावयाची आहे.

१९९० नंतरची गोष्ट. ऑटोच्या धुराची तपासणी सुरू झाली, दंड होऊ लागले. आमच्या संघटनेने मोर्चा काढला. आम्ही स्वतः व्हेरायटी चौकात भाषण ठोकले की, धूर कारखान्यांचा आहे, ट्रकचा आहे, गरिबाच्या ऑटोवर डोळा का? टाळ्या पुष्कळ मिळाल्या. संध्याकाळी आमचे जुने मिस्त्री भेटले. त्यांनी काही वाद घातला नाही. आमच्याच ऑटोला किक मारली, खिशातला पांढरा रुमाल सायलेन्सरच्या तोंडाशी धरला आणि दोन-चारदा रेस दिली. रुमाल आमच्या हातात दिला. त्यावर काळे, ओले, तेलकट डाग होते. “वास घे,” ते म्हणाले. पेट्रोलचा वास येत होता. “हे जळलेलं नाही रे. हे तू विकत घेतलेलं आहे. मोर्चा कुणाच्या खिशासाठी काढलास?”

त्या रात्री आम्ही कागदावर हिशेब मांडला. समजा ऑटोला दिवसाला चार लिटर पेट्रोल लागते. चौथा हिस्सा न जळता गेला तर दिवसाला एक लिटर. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर पंचवीस लिटर. यात तेल वेगळे. चांगल्या टू-टी तेलाला शेकडा दोन, म्हणजे लिटरला वीस मिलिलिटर पुरत असताना आमचे लोक अंदाजाने तिप्पट ओतीत, कारण तेल जास्त तर इंजिन जास्त टिकते असा समज. तो समज ज्यांना तेल विकावयाचे होते ते पुसून काढीत नव्हते. त्या जादा तेलाचा कोळसा होऊन धुराची खिडकी बुजे, सायलेन्सर भरे, दम जाई, मग सायलेन्सर रस्त्याकडेला विस्तवात घालून जाळावा लागे, आणि त्या दिवसाची कमाई बुडे. आणि जो धूर बाहेर पडे तो सर्वांत आधी कुणाच्या छातीत जाई? पुढच्या ऑटोच्या मागे सिग्नलला उभ्या असलेल्या दुसऱ्या ऑटोवाल्याच्या. दिवसाचे दहा-बारा तास. हवेचा आणि पाण्याचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था, नीरी, १९५८ पासून आपल्याच नागपुरात आहे. तिच्या फाटकाशी सवारीची वाट पाहत आम्ही कितीदा उभे राहिलो असू. आत काय मोजतात हे एकदाही विचारले नाही.

त्यानंतर आम्ही स्टँडवर मोजमापाची झाकणे वाटली. लिटरला एक झाकण, वर नाही. प्रथम लोक हसले. महिन्याभराने तेलाचा खर्च कमी झाला तेव्हा हसणे थांबले. पण झाकणाने दोन दारे एकदम उघडण्याचा दोष जात नाही. तो इंजिनाच्या घडणीतच होता. १९९१ साली देशात गाड्यांच्या धुराची पहिली मर्यादा आली, १९९६ साली ती आवळली, २००० साली आणखी आवळली. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील १९९० पूर्वीचे ऑटो बदलून स्वच्छ इंधनाचे आणण्याचा आदेश दिला. दिशा स्पष्ट होती. फोर-स्ट्रोक ऑटो आले, गॅसचे आले. चेतक फोर-स्ट्रोक झाला, आणि २००९ साली बजाजने स्कूटर बनवणेच थांबवावयाचे ठरवले. पुढे चेतक हे नाव परत आले ते विजेच्या स्कूटरवर.

आमची दुसरी चूक येथे झाली. जुने इंजिन जाऊ नये म्हणून आम्ही वर्षे घालवली. लढावयाचे होते ते इंजिनासाठी नव्हे, माणसासाठी. जुना ऑटो जाऊ द्या, पण नवा घेण्यासाठी रास्त व्याजाचे कर्ज द्या, ही मागणी आम्ही मोठ्याने करावयाला हवी होती, ती उशिरा आणि हळू केली. आमच्या एका सभासदाने बायकोच्या पाटल्या मोडून आणि खाजगी कर्ज काढून नवा ऑटो घेतला. हप्त्यापायी त्याच्या मुलाचे कॉलेज सुटले. ते व्याज त्याने भरले, आणि स्वच्छ झालेली हवा आपण सगळ्यांनी घेतली. आधी धूर स्वस्त गाडीची किंमत म्हणून त्याच्या छातीत गेला, मग स्वच्छ गाडीची किंमत म्हणून कर्ज त्याच्याच डोक्यावर आले. दोन्ही वेळा हिशेब त्याच्याच नावावर. आणि ज्या मिस्त्रीने आम्हांला रुमाल दाखवला, त्यांची विद्या दहा वर्षांत निकामी झाली. अखेरच्या दिवसांत ते पंक्चर काढीत. त्यांना नव्या इंजिनाचे शिक्षण द्यावे असे कुणाला सुचले नाही, आम्हांलाही नाही.

आता रस्त्यावर विजेचे ऑटो आले आहेत. त्यांत पिस्टन नाही, ठिणगी नाही, धूर नाही. आम्ही त्यांचे स्वागत करतो. सिग्नलला उभ्या असलेल्या पोरांच्या छात्या आम्हांला ठाऊक आहेत. पण स्टँडवर आम्ही एक प्रश्न आवर्जून विचारतो, आणि तो आपणही विचारावा. या यंत्राने काय गाळले आहे, आणि ते कुठे भरले जाणार आहे? बॅटरी काही वर्षांनी उतरेल तेव्हा नवीचे पैसे कोण देईल? जुनी कुठे जाईल, आणि ती फोडताना कुणाचे हात भाजतील? ती सीलबंद पेटी बिघडली तर निंबाच्या झाडाखालच्या मिस्त्रीला ती उघडता येईल काय, की त्यालाही पंक्चरचे दुकान मांडावे लागेल? हे प्रश्न यंत्राच्या विरुद्ध नाहीत. ते आम्ही टू-स्ट्रोकच्या वेळी वेळेवर विचारले नाहीत, म्हणून आज विचारतो.

हा सिलिंडर येथेच ठेवला आहे. लहान मुलांना पुढे येऊ द्या, हात काळे होतील, होऊ द्या. कोणती खिडकी कशाची ते त्यांना सांगू द्या.